डावं-उजवं

पल्लवीच्या आईनं तो ग्लोव्ह दोन बोटांत धरला होता. मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर टाकतात, तसा. भर मैदानात, सगळ्या पोरींच्या देखत ती सरांपुढं आली आणि तिनं ग्लोव्ह खाली टाकला. धूळ उडाली.

"सर, ह्याच्यात तिनं हात घातल्ता. आता माझ्या पोरीनं त्याच्यातच हात घालायचा का?"

तिचं बोट माझ्याकडं होतं.

मी सातवीत होते. शेवगाव तालुक्यातलं आमचं गाव, गावातली शाळा, शाळेमागचं मुरमाचं मैदान. सरांनी तिथं बेसबॉल आणला होता. त्याआधी हा खेळ आम्ही नावानंही ऐकला नव्हता. मुसळासारखी गोल बॅट. आणि बॉल अडवायला एका हातात घालायचा चामड्याचा मोठा पंजा, तो ग्लोव्ह. शाळेकडं ग्लोव्ह कमी आणि पोरी जास्त. बॅटिंगला जाणारीनं आपला काढून दुसरीला द्यायचा. आत हात घातला की आधीच्या पोरीच्या घामाचा ओलावा लागायचा. कोमट. मला तो आवडायचा. गावातल्या दुसऱ्या कुणाच्या हाताची ऊब माझ्या हाताला एवढ्या जवळून कधी लागली नव्हती.

आम्ही ख्रिस्ती. पणज्याच्याही आधी कुणीतरी बाप्तिस्मा घेतला होता. घरात येशूचा फोटो, रविवारी चर्च. पण गावाला त्याचं काही नव्हतं. गावाच्या तोंडात आमची जुनीच जात होती. "चर्चात गेलं म्हून जात जाती व्हय?" असं तोंडावर म्हणायचे. आमची वस्ती गावाबाहेर होती, ती बाहेरच राहिली. फक्त तिथं एक क्रूस उभा राहिला.

मी सरांकडं बघितलं. सर रोज खेळाआधी आम्हाला गोलात उभं करायचे आणि म्हणायचे, "मैदानात जात नसते. मैदानात फक्त खेळाडू असतो." आम्ही ते एका सुरात परत म्हणायचो. मला वाटलं, सर आता हेच त्या बाईला म्हणतील. मी वाट बघत होते. माझ्या ओठांवर ते वाक्य आलंसुद्धा होतं.

सर म्हणाले, "बरोबर आहे ताई तुमचं. करतो मी काहीतरी."

त्यांनी एका पोरीला टाकीवरून पाणी आणायला लावलं. ग्लोव्हवर शिंपडलं आणि तो उन्हात वाळत ठेवला. त्या दिवशी मी खेळले नाही. बाभळीखाली बसून त्या वाळणाऱ्या ग्लोव्हकडं बघत राहिले.

सरांनी खरंच काहीतरी केलं. सामानाच्या खोलीतून एक जुना ग्लोव्ह शोधून काढला. शिवण उसवलेली, एका बोटाचं चामडं कुरतडलेलं. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं दोन रेघा मारल्या होत्या, एकमेकीवर आडव्यातिडव्या.

"हा तुझा," सर म्हणाले. "दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही."

मी घालून बघितला. जाईना. तो उजव्या हाताचा होता. डावखुऱ्या माणसासाठी केलेला. बॉल डाव्या हातानं फेकणारा माणूस उजव्या हातात ग्लोव्ह घालतो. आमच्या शाळेत एकही पोरगी डावखुरी नव्हती, म्हणून तो इतके दिवस कोपऱ्यात पडून होता.

"सर, हा उलटा आहे."

"मग तू उलट्या हातानं फेक."

पोरी हसल्या. सरही हसले. मीही हसले. काय करणार?

त्या पांढऱ्या रेघा मला क्रूस वाटल्या. मी ख्रिस्ती म्हणून सरांनी माझ्यासाठी मुद्दाम काढला, असं वाटलं. त्या एका गोष्टीनं मला इतकं बरं वाटलं की घरी जाताना मी ग्लोव्ह छातीशी धरून गेले. पुढं पल्लवीनंच सांगितलं. ती वाईट नव्हती. पाण्याच्या टाकीमागं गाठून कानात बोलली.

"येडी, क्रूस न्हाई तो. फुली हाय. कुनी चुकून हात घालू नये म्हून."

आईला कळलं तेव्हा ती खुरपं तसंच हातात घेऊन सरांच्या दारात गेली. मी मागं. वडील तेव्हा शुगर फॅक्टरीत पोती उचलायला जायचे, ते घरी नव्हते. सर ओट्यावर बसलेले. आई खाली अंगणात उभी राहिली. सरांनी तिला वर बोलावलं नाही.

"बाई, मला सगळ्यांना धरून चालावं लागतं," सर म्हणाले. "टीममधून तर नाही ना काढली तिला? उलट स्वतंत्र ग्लोव्ह दिला. बाकीच्या पोरींना कुठं आहे स्वतंत्र?"

आई वळली आणि चालायला लागली. वाटेत मात्र एवढंच म्हणाली, "खेळाया भेटतंय न्हवं? मंग खेळ. दात व्हट खाऊन खेळ."

मी खेळले. आमच्या चर्चच्या मागच्या भिंतीवर विटकरीच्या तुकड्यानं चौकोन काढला आणि डाव्या हातानं बॉल मारत सुटले. आधी बॉल भिंतीपर्यंत जायचा नाही. डावा हात म्हणजे लाकूड. खांदा सुजायचा. आई मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायची आणि शेकताना सरांना, गावाला, कधी कधी येशूलाही शिव्या द्यायची. मी उजव्या हातानं लिहीत होते, उजव्या हातानं जेवत होते. फक्त बॉल डाव्या हातानं. हळूहळू हात ऐकायला लागला. मग बॉल चौकोनात बसायला लागला. मग मी पिचर झाले. पिचर म्हणजे बॅटवालीला बॉल टाकणारी, टीमचा अर्धा खेळ तिच्या हातात. समोरच्या पोरींना डाव्या हातानं येणारा बॉल कळायचाच नाही. त्या हवेत बॅट फिरवायच्या आणि परत जायच्या.

तेव्हा सर पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या वाजवत धावत आले.

खरं ते सांगते. सर वाईट शिकवत नव्हते. मनगट कसं सोडायचं, पाय कुठं टाकायचा, हे त्यांनीच शिकवलं. निवड चाचणीला एसटीनं तेच घेऊन जायचे. पण प्रवासात डबा सोडायची वेळ आली की मी आपोआप मागच्या सीटवर जायची. मला कुणी जा म्हणायचं नाही. थांब असंही कुणी म्हणायचं नाही.

मी राज्याकडून खेळले. मग देशाकडून. आमच्या जिल्ह्यातून देशासाठी बेसबॉल खेळलेली पहिली मुलगी, असं पेपरात आलं. फोटोत माझ्या शेजारी सर. खाली त्यांचं वाक्य : "हिच्या डाव्या हातातली ताकद मी पहिल्याच दिवशी ओळखली होती."

वाचून मी पेपर घडी करून ठेवला. म्हटलं, जाऊ दे.

जाऊ दे, जाऊ दे करत वर्षं गेली. सरांची स्वतःची क्रीडा अकादमी झाली, मोठी कमान, कमानीवर त्यांचं नाव. मी शेवगावच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाले. कंत्राटी. वडील गेले. आई आणि मी.

मग निखिल आला.

पुण्याचा दिग्दर्शक. मुलींच्या बेसबॉलवर आजवर कुणी पिक्चर काढला नाही, तो मला काढायचाय, आणि तो तुमच्याच आयुष्यावर, असं म्हणाला. आईला मी सांगितलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. "तू पिचर, आन् तुज्यावर पिक्चर!" दारात येईल त्याला ती हे सांगायची.

निखिल पुन्हा पुन्हा आला. बाजेवर मांडी घालून बसायचा. आईच्या हातची बाजरीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा मागून मागून खायचा. मला ताई म्हणायचा. आईला आई. आमच्या घरात, आमच्या ताटात, असा सरळ हात घालणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. मी विरघळले. दुसरा शब्द नाही त्याला.

मी त्याला सगळं सांगितलं. पल्लवीची आई. शिंपडलेलं पाणी. फुली. क्रूस समजून छातीशी धरलेला तो ग्लोव्ह. गावाबाहेरच्या कुणालाही हे मी सांगितलं नव्हतं. निखिल रडला. खरंच रडला, नाक पुसत. आईनं त्याला पाणी आणून दिलं.

"ताई, हा सीन म्हणजे पिक्चरचा जीव आहे," तो म्हणाला. "हा मी सोडणार नाही. तुमचं आडनाव, तुमचं चर्च, तुमची वस्ती, सगळं जसंच्या तसं येणार. शब्द देतो."

मी हिरोइनला डाव्या हातानं बॉल टाकायला शिकवलं. मुंबईची पोरगी, नाजूक, पण मेहनती. ती एकदा म्हणाली, "मग तुम्ही लिहिता उजव्या हातानं? असं कसं?" मी तिला कसं ते सांगितलं. निखिलनं तिला हाक मारली आणि ती गेली.

शूटिंग सरांच्या अकादमीत झालं. मला कुणी बोलावलं नाही. एका रविवारी मी आपण होऊन गेले. गेटवरचा माणूस माझ्या साडीकडं बघून म्हणाला, "गर्दीत उभं राहणारी माणसं पलीकडच्या गेटनं." मी नाव सांगितलं. त्यानं कुणाला तरी फोन लावला. "आज नको म्हणाले. घाईत आहेत."

तिथंच कळायला हवं होतं. पण विश्वास टाकलेल्या माणसाबद्दल आपण आपल्यालाच समजावत राहतो. घाईत असतील, म्हटलं.

पिक्चरचा पहिला खेळ नगरला होता. जिल्ह्याचं नाव बदललं, तरी आम्ही नगरच म्हणतो. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. माझ्या शाळेच्या पोरीही एका टेम्पोत भरून आल्या होत्या, मॅडमचा पिक्चर बघायला. पुढच्या रांगेत सर, त्यांच्या घरचे, पुढारी, हिरोइन. पल्लवीही तिथं होती, हातात गुच्छ. ती आता नगरला असते. सरांच्या टीममधली जुनी खेळाडू म्हणून तिला आमंत्रण होतं. मला आणि आईला चौथी रांग.

अंधार झाला. पिक्चर सुरू झाला.

घर दिसलं. ते आमचं नव्हतं. अंगणात तुळशीवृंदावन, गोठ्यात बैलजोडी. पोरीचा बाप शेतकरी, फेटा बांधलेला. आडनाव कुणी उच्चारलंच नाही. चर्च नाही. वस्ती नाही. आई माझ्या कानाशी लागली. "ही कुनाची पोर गं?"

"मी आहे ती."

"आन् त्यो बाप?"

मी तिचा हात धरून ठेवला.

मग मैदान आलं. तिथं पल्लवीची आई नव्हती. पाणी नव्हतं. पोरगी एकटी बाभळीखाली रडत बसलेली, कारण तिला ग्लोव्ह घ्यायला परवडत नाही. सर येतात. पिक्चरमधले सर, देखणे, दाढीवाले. तिच्यापुढं गुडघ्यावर बसतात. तिचा डावा हात हातात घेतात आणि म्हणतात, "या हातात जादू आहे पोरी. फक्त तुला ते माहीत नाही." आणि आपल्या झोळीतून एक ग्लोव्ह काढतात. त्यांचा स्वतःचा, तरुणपणीचा. त्यावर पांढऱ्या रंगानं स्वतः चांदणी काढतात. तिच्या हातात घालतात. सनई वाजते.

हॉलमध्ये सगळीकडून नाक ओढल्याचे आवाज यायला लागले. लोक रडत होते.

पुढं शाळेचा प्रसंग. ती पोरगी पाटीवर डाव्या हातानं लिहीत होती.

मला वाटलं होतं, ते झाकतील. थोडं सौम्य करतील. नाहीतर वगळतील. पण त्यांनी वगळलं नव्हतं. निखिलनं शब्द पाळला होता. तो सीनच पिक्चरचा जीव होता. फक्त माझ्या अपमानाला त्यांनी सरांच्या दानाचं रूप दिलं होतं. ज्यानं फुली मारली, त्याच्याच हातात चांदणी दिली होती. पिक्चरमध्ये जात नव्हतीच. माझी नव्हती, म्हणजे त्यांचीही नव्हती. मग गुन्हाही कुणाचा नव्हता.

आई एकदम मोठ्यानं बोलली. "आपला सर न्हाई ह्यो! हे खोटं हाय!" मागून कुणीतरी शुक् शुक् केलं.

मध्यंतरात निखिल बाहेर जिन्यापाशी उभा होता. लोक त्याला मिठ्या मारत होते. मी पुढं गेले.

"निखिल, हे काय केलंस?"

तो हसला, मग माझा चेहरा बघून त्यानं मला बाजूला नेलं. "ताई, आधी पूर्ण बघा ना. सरांनी मैदान दिलं, मुलं दिली, सगळ्या परवानग्या त्यांच्यामुळं मिळाल्या. त्यांनाच व्हिलन कसं करणार? आणि लोकांना घरी जाताना बरं वाटलं पाहिजे. तुम्हाला कुठं छोटं केलंय? उलट मोठं केलं."

"तू रडला होतास."

"हो. मनापासून. आत्ताही वाईट वाटतं. पण ताई, ते खरं फार कडू आहे. पचणार नाही लोकांना."

ते खरं मी सातवीत पचवलं होतं. मोठ्या माणसांना पचणार नव्हतं.

तेवढ्यात माझ्या शाळेतली एक पोरगी पळत आली. डोळे लाल. माझा हात धरला. "मॅडम, तुमचे सर किती चांगले होते हो! आपल्याला असे सर पाहिजे होते."

ह्या पोरीचं घर आमच्याच वस्तीतलं. तिच्या आईलासुद्धा गावात ओट्यावर घेत नाहीत. आणि ती त्या सरांसाठी रडत होती.

तिथं माझ्या आत काहीतरी जागेवर बसलं. इतकी वर्षं मी म्हणत होते, जाऊ दे, माझंच तर आहे. माझं एकटीचं नव्हतं ते. ह्या पोरीपुढं उद्या कुणी फुली मारेल आणि ती तिला चांदणी समजेल. मी समजले होते तशी. आणि तिला कानात सांगणारी पल्लवीही असेल की नसेल.

पिक्चर संपला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. स्टेजवर खुर्च्या मांडल्या. सर, निखिल, हिरोइन, पुढारी. मला खुर्ची नव्हती. निवेदिकेनं आधी सरांचा सत्कार घेतला, शाल, फेटा. मग म्हणाली, "आणि आता, ज्यांच्या जीवनावर हा चित्रपट आहे, त्या आपल्या ताई येतील आणि आपल्या गुरूंच्या पायांवर डोकं ठेवून आशीर्वाद घेतील."

नाव घ्यायच्या आधी पाय सांगितले.

मी बाजूच्या पायऱ्यांनी वर गेले. सर खुर्चीत बसून होते. त्यांनी चपलेतून पाय काढला होता आणि थोडा पुढं सरकवला होता. हातही वर झाला होता, माझं डोकं खाली येणार हे धरून. कॅमेरे पुढं आले.

मी उभी राहिले. वाकले नाही.

सर हळू म्हणाले, "अगं, वाक. फोटो घेतायत."

मी निवेदिकेच्या हातातून माईक घेतला.

"सर, तो ग्लोव्ह तुम्ही मला का दिला होता, ते सांगा."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. त्यांना वाटलं, आता गोड आठवण येणार.

"अगं, जुनं कशाला आता..."

"सांगा ना सर. चांदणी होती का त्यावर?"

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. मग मीच सांगितलं. पाठ केल्यासारखं. कुणाच्या आईनं काय म्हटलं, सरांनी काय म्हटलं, पाणी कुणी आणलं, फुली कशाची होती. आमची जात सांगितली, आमचं चर्च सांगितलं. मी डावखुरी नाही, हेही सांगितलं. "मी उजव्या हातानं लिहिते. उजव्या हातानं जेवते. हा डावा हात सरांनी ओळखला नाही. मला वेगळं ठेवायला जे हाताशी सापडलं, त्यातून तो झाला. पल्लवी समोर बसली आहे. तिला विचारा."

सगळे पल्लवीकडं वळले. मीही बघितलं. मला खरंच वाटलं, ती उठेल. नुसती मान हलवली असती, तरी पुरे होतं. तिनं पर्समधून मोबाईल काढला आणि खाली मान घालून बघत बसली.

सर उठले. माईकपासून तोंड बाजूला करून दबक्या आवाजात बोलले. "तुला मी घडवली, आणि तू चारचौघांत जात काढतीस?"

"मी काढली नाही सर. मी फक्त नाव घेतलं."

माईक बंद पडला. पिक्चरमधलं गाणं मोठ्यानं लागलं. कुणीतरी माझा दंड धरून मला खाली आणलं. चौथ्या रांगेतून आई उठून आली होती. ती स्टेजकडं तोंड करून काहीतरी ओरडत होती, पण गाण्यात तिचा आवाज बुडाला. फक्त तोंड हलताना दिसत होतं.

शेवगावच्या एसटीत आई खिडकीपाशी बसली. नगर मागं पडल्यावर म्हणाली, "बोललीस त्ये खरं. पन आता एकटी पडशील."

"आधी कोण होतं?"

तिनं खिडकीची काच ओढून घेतली.

आठवडा संपायच्या आत शाळेनं कळवलं, कंत्राट पुढं चालू ठेवता येणार नाही. मुख्याध्यापकांनी नजर न उचलता सांगितलं, "वरून सांगितलंय. तुम्ही समजून घ्या." निखिलनं एक निरोप पाठवला, तुम्ही माझी दोन वर्षांची मेहनत मातीत घातली म्हणून. एका पेपरात आलं, यश डोक्यात गेलेली खेळाडू गुरूला विसरली. वस्तीतलेही काही जण आईला म्हणाले, "कशाला वढवून घ्यायचं? मोठी मान्सं ती." मैदानावर माझ्या जागी दुसऱ्या कुणाला घेतलं. माझ्या पोरींना माझ्याशी बोलू नका म्हणून सांगितलं गेलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

आणि पिक्चर चालला. चांगला चालला. प्रेरणादायी म्हणून तो शाळाशाळांना दाखवायचं ठरलं. तालुक्यातालुक्याला मोठा हॉल घ्यायचा, पडदा लावायचा, पोरं आणून बसवायची.

शेवगावचा खेळ होता, त्या दिवशी मी गेले. मला कुणी ओळखून अडवायच्या आत आत शिरून मागं भिंतीला टेकून उभी राहिले. पुन्हा सगळं बघितलं. पुन्हा चांदणी. पुन्हा सनई. दिवे लागले तशी मी मधल्या वाटेनं चालत पुढं गेले आणि पडद्यापुढं उभी राहिले. दुसऱ्या शाळांच्या त्या पोरांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कशी? त्यांच्यासाठी मी ती मुंबईची पोरगी होते.

"मुलांनो, ही गोष्ट माझी आहे. आणि ती अशी झालेली नाही."

एक शिक्षक धावत आला. दुसऱ्यानं शिट्टी मारून पोरांना उठायला सांगितलं. गोंधळ झाला. त्या गोंधळात पुढच्या रांगेतली एक पोरगी उठलीच नाही. दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं. तिनं विचारलं, "मग कशी झाली?"

मी तिला सांगायला लागले. मोठ्यानं. माईक नव्हता. उठलेली काही पोरं परत बसली. मी ग्लोव्ह जमिनीवर पडला इथपर्यंत आले आणि त्यांनी मला बाहेर काढलं. गेट लावून घेतलं.

मी गेटाबाहेर थांबले. पोरं बाहेर आली, तेव्हा उरलेलं सांगितलं.

पुढचा खेळ पारनेरला आहे. मग नेवाशाला. सरांच्या माणसांनी निरोप पाठवलाय, या वेळी पोलिसांना सांगून ठेवू म्हणून. ठेवू देत. मी पारनेरला जाणार आहे. नेवाशालाही जाणार आहे. आत सोडलं तर पडद्यापुढं सांगेन. नाही सोडलं तर रस्त्यावर उभी राहीन. दार कितीही घट्ट लावलं तरी पिक्चर संपतो, आणि पोरं बाहेर येतातच.